शुक्रवारचं वर्ष

टेबलाचा एक पाय आखूड, खाली दगड दिलाय.
चाल्बीचा वारा फॉर्म उडवतो, म्हणून त्यांच्यावर वजनाचं माप.
मी कबाले दाबासो, एरवी तिसरीला गणित शिकवते,
आज उंटांच्या शर्यतीत स्वारांची नोंद माझ्याकडे.

नियम मी तीन भाषांत मोठ्यानं वाचते :
वय अठरा पूर्ण.
हेल्मेट, आणि पट्टा हनुवटीखाली, मानेवर लोंबता नको.
बंद बूट. प्यालेल्याला उंट मिळणार नाही.
काठीला तार गुंडाळायची नाही.
आणि स्वाराला खोगिराशी बांधायचं नाही,
कुणीही, कशानंही.
हा शेवटचा वाचताना माझा आवाज चढतो.
लोकांना वाटतं, वाऱ्यामुळे.

वारिओ पोराला घेऊन आला. नाव? हलाके.
म्हणजे रात्रीचा जन्म, ते नावातच आलं.
साल?
शुक्रवारचं.

आमच्यात वर्षांना वारांची नावं.
सात सरली की पुन्हा शुक्रवार.
कुठला शुक्रवार, वारिओ?
अलीकडचा धरला तर पोरगा अकराचा,
त्याच्या मागचा धरला तर अठराचा.
'दुष्काळ पडला होता तो,' वारिओ म्हणाला.
दोन्ही शुक्रवारी दुष्काळच होता.

आ कर, म्हटलं.
उंटाचं वय मी दातांवरून चुकत नाही.
आत दुधाची एक दाढ अजून डुगडुगत होती,
जिभेनं तो तिला ढकलत होता,
जणू तेवढी पडली की फॉर्म भरता येईल.

बोरू, माझा भाऊ, सातचा होता तेव्हा.
चामड्याच्या वादीनं त्याला घट्ट आवळला होता,
पडू नये म्हणून.
तो पडला नाही.
उंट पडला.

मी लिहिलं : अपात्र.
आणि पोराला म्हटलं, पुढच्या मंगळवारी ये.
वारिओला कळलं, सात वर्षं.
रांगेतल्या बेल्जियन पाहुण्याला वाटलं, चार दिवस.

पाहुण्याचा पासपोर्ट चोख. वय त्रेपन्न.
उंट त्यानं काल दुपारी पहिल्यांदा पाहिला.
'कुठल्या बाजूनं चढायचं?' त्यानं मलाच विचारलं.
हेल्मेट आहे, बूट आहेत, तोंडाला वास नाही.
पात्र.
वारिओ थुंकला, पण टेबलापासून लांब, माझा मान राखून.
'उंटावरून शेळ्या हाकणारे नैरोबीत बसतात,
आणि शेळ्या आम्ही,' म्हणाला.
हा नियम नैरोबीचा नाही, वारिओ.
हा मी मागून घेतला, चार बैठका भांडून.
हे त्याला सांगितलं नाही. रांग मोठी होती.

शिट्टी वाजली. बावीस उंट उठले,
आधी मागून, मग पुढून, आणि पाहुणा दोन्ही वेळा किंचाळला.
त्याच्या उंटाची दोरी धरून कुणीतरी पुढं पळत होतं.
धूळ जरा बसली तेव्हा ओळखलं.
हलाके.
अनवाणी, मिठाच्या पापुद्र्यावरून,
अकरा किलोमीटर.

मी नियमांचा कागद पुन्हा काढला.
स्वार, स्वार, स्वाराचं डोकं, स्वाराचे पाय, स्वाराचा विमा.
दोरी धरणाऱ्याबद्दल एक ओळ नाही.
चार बैठकांत मलाही सुचली नव्हती.

तो परतला तेव्हा टाच फाटली होती, आणि तो हसत होता.
तळहातावर दाढ.
'आता?' त्यानं विचारलं.

मी पाण्याचा डबा पुढं केला.
फुटपट्टी शोधली, सापडली नाही,
मग पासपोर्टची झेरॉक्स दुमडून तिच्या कडेनं
नोंदवहीत एक नवा रकाना आखला, पेन्सिलीनं, जरा वाकडाच :
दोरी धरणाऱ्याचं वय.
पुढलं वर्ष बुधवारचं.
पुन्हा भांडावं लागेल,
आणि वारिओ या वेळी तरी माझ्या बाजूनं बसेल
असं काही मला वाटत नाही.